उन्हाचा की देवाचा

फाटकावरचे काका पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते. नोकरी संपून सहा वर्षं झाली, पण तिकिटं फाडायचा सूर काही त्यांच्या गळ्यातून गेला नव्हता. शाळेचं फाटक अर्धं उघडं ठेवून मधोमध खुर्ची टाकून ते बसायचे आणि डोकं झाकून येणाऱ्या प्रत्येक पोरीला, पुरा की अर्धा विचारावं तसं, विचारायचे, "उन्हाचा की देवाचा?"

पोरी म्हणायच्या, "उन्हाचा." आणि आत जायच्या.

विचारायला कारण होतं. महिन्यापूर्वी वरून नियमांचा एक कागद आला होता. त्यातल्या चौथ्या कलमात म्हटलं होतं, की धर्माची खूण असलेलं काही अंगावर घालून मुलांनी वर्गात बसू नये. कागद आला त्याच आठवड्यात ऊन असं पेटलं, की पत्र्याच्या वर्गात दोन पोरं चक्कर येऊन पडली. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, सूट दिली: ज्याला हवा त्यानं डोक्याला ओला फडका बांधून बसावं. झालं, शाळेतली निम्मी डोकी झाकली गेली. त्यातलं कोणतं उन्हासाठी झाकलेलं आणि कोणतं देवासाठी, हे बघून सांगता येईना. सगळे फडके बाजारातल्या एकाच दुकानातले, एकाच ताग्यातले. म्हणून काकांच्या मागे हे विचारायचं काम लागलं.

पेरूची कलमं बांधून विकणाऱ्या कलमवाल्याच्या थोरल्या लेकीनं सोमवारी काही उत्तरच दिलं नाही. मंगळवारीही नाही. काकांनी दोन दिवस डोळ्याआड केलं. बुधवारी मात्र मागं रांग लागली होती, आणि ते म्हणाले, "हे बघ बाळ, काहीतरी एक बोल, नाहीतर बाजूला उभी राहा." ती बाजूला उभी राहिली. घंटा झाली, फाटक लागलं, आणि ती तिथंच उभी होती.

दहाच्या सुमारास ती घरी आली तेव्हा कलमवाला हिरव्या जाळीखाली पोत्यावर मांडी घालून पेरूची कलमं बांधत होता. समोर काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं लावलेली. पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवं छाटायचं, मधोमध दोन बोटं खोल चिरायचं, चांगल्या झाडाची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करायची आणि त्या चिरेत बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे. केसाइतकं अंतर राहिलं तरी काडी आतून वाळते. मग प्लॅस्टिकची पट्टी आवळून गुंडाळायची आणि काडीवर लांबट पातळ पिशवी चढवायची. तिला सगळे टोपीच म्हणत. तीन आठवडे टोपी राहिली आणि आत पालवी फुटली, की कलम लागलं.

या वर्षी लागत नव्हती. महिन्याअखेर नऊशे कलमं द्यायची होती. तीनशे बांधून झाली, त्यातली साठ-सत्तर काळी पडली. टोपीच्या आत ऊन कोंडत होतं. विहिरीवरची मोटर वीस मिनिटं पाणी ओढायची आणि मग नुसती हवा.

"लवकर सुटली शाळा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"सुटली नाही. मला सोडलं."

तिनं दप्तर खांबाला अडकवलं, हात धुतले आणि त्याच्या शेजारी बसून पट्ट्यांचा गुच्छ मांडीवर घेतला. तो कापायचा, ती बांधायची. तिची बोटं बारीक होती आणि पट्टी एकसारखी बसायची, कुठं सुरकुती नाही. दुपारपर्यंत तिनं काय झालं ते सांगितलं. सांगताना हात थांबला नाही.

"मग म्हणायचं की उन्हाचा," तो म्हणाला.

"पण उन्हाचा नाही ना."

"बरं, मग देवाचा म्हणायचं."

"मग काढ म्हणतील."

"मग काय म्हणायचं?"

"तेच तर मला कळत नाहीये, बाबा."

त्यालाही कळलं नाही. त्यांच्यातल्या बायका बाराव्या वर्षापासून डोक्याला फडका बांधत. दीड हात लांबीचा, साधा, गाठ मागं मानेवर. त्याच्या आईनं बांधला, बायकोनं बांधला, लेकीनं दोन वर्षांपूर्वी बांधला. कशासाठी, असं कधी कोणी कोणाला विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं मोजलं तर एकशे तीस कलमं झाली होती. एकटा बसला की ऐंशीवर जात नसे. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याबरोबर शाळेत गेला. डोक्याला घाम पुसायचा पंचा गुंडाळलेला. काकांनी सवयीनं त्यालाही विचारलं, "उन्हाचा की देवाचा?"

"घामाचा," तो म्हणाला.

काका हसले. मग खुर्ची जरा मागं सरकवून हळूच म्हणाले, "मला विचारायला आवडतं असं समजू नका हो. चाळीस वर्षं लोकांना विचारलं कुठं जायचंय. तेवढं बरं होतं."

मोठ्या बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्या, दुसरीवर हजेरीपुस्तकांचा ढीग. तेव्हा कलमवाला उभाच राहिला आणि लेक त्याच्या मागं. बाईंचे डोळे तांबारले होते. टेबलावरच्या पंख्याची हवा सगळी कागदांना लागत होती, म्हणून त्यांनी प्रत्येक कागदावर काहीतरी ठेवलं होतं: डस्टर, घंटी, अर्धं खाल्लेलं बिस्किटाचं पाकीट.

"मी तुमच्या सोयीचंच बघतेय," त्या म्हणाल्या आणि पाकिटाखालून एक छापील फॉर्म काढला. "हे बघा. डोके झाकण्याचे कारण. तीन चौकटी आहेत. ऊन, आजार, धर्म. पालकांनी खूण करायची आणि खाली दोन ओळी लिहायच्या. ऊन करा, सही करा, विषय संपला."

"आणि धर्म केलं तर?"

"मग वर्गात काढावा लागेल."

"नाही काढला तर?"

"शनिवारी परीक्षेचे अर्ज जातात. त्यावर मला सही करायची आहे, की मुलगी हजर असते आणि नियम पाळते. खोटी सही कशी करू?"

"ऊन लिहिलं तर ती खरी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"ऊन आहेच ना बाहेर," त्या म्हणाल्या.

लेक मागून म्हणाली, "बाई, उन्हाळा संपल्यावर काय लिहायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू." बाईंनी कपाळ चोळलं. "हे बघ, शाळेत आपण सगळ्यांचा मान ठेवतो. गेल्या वर्षीच्या संमेलनात नाही का, सगळ्यांचे पोशाख घालून मिरवणूक काढली होती. तो फोटो बघ." भिंतीवर मोठा फोटो होता. वीसेक मुलं, वेगवेगळे कपडे, खाली रंगीत अक्षरांत 'वेगळे तरी एक'. मधोमध एक हसरी मुलगी, डोक्याला राखाडी फडका. गाठ कपाळावर, पुढून बांधलेली. हातात बक्षिसाचा पेला.

कलमवाला जवळ जाऊन बघत राहिला. "ही आमच्यातली नाही."

"नाही, डॉक्टरांची मुलगी ती."

"गाठ पुढं आहे."

"फडका माझाच आहे," लेक म्हणाली. "तिनं मागितला म्हणून दिला होता. गाठ मागं बांध म्हटलं, तर म्हणाली मागं फोटोत दिसत नाही."

"ते कार्यक्रमापुरतं होतं," बाई म्हणाल्या. पंख्यानं एक कागद उडवला, बाईंनी तो खाली वाकून उचलला. वर येताना त्यांचा चेहरा आणखी लाल झाला होता, वाकल्यामुळं की काय कोण जाणे.

कलमवाल्यानं फॉर्म घेतला. "घरी विचारून सांगतो."

"घरी कोणाला?"

"आईला," तो म्हणाला आणि बाहेर पडल्यावर त्याला वाटलं, चाळिशीतल्या माणसानं हे सांगायला नको होतं.

त्या दिवशीही लेक घरीच बसली. संध्याकाळी ट्रॅक्टरवाला आला. तो शेजारचा, शेणखत टाकायला आलेला, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते त्याला खताच्या आधी कळत असे.

"काय कलमवाले, ऐकलं ते खरं का? आयुष्यभर दुसऱ्यांना कलमं लावलीस, आता तुलाच लागलं. कलम चार."

"बस. चहा घे."

"घेतो की. पण मला सांग, एवढं काय त्यात? ऊन लिही, मोकळा हो. उन्हाळा संपला की पाऊस लिही. पाऊस संपला की थंडी. थंडीत कानाला वारा लागतो म्हणावं. बारमाही सोय." तो स्वतःच हसला. मग ओळींकडे हात करून म्हणाला, "तुझ्या रोपांच्या टोप्या तेवढ्या झाकून ठेव. उद्या त्यांनाही विचारतील."

लेक पट्टी बांधत होती. तिनं मान वर केली नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या ते लक्षात आलं आणि तो जरा ओशाळला. "मी गंमत केली गं. माझी धाकटी पण फडका बांधून जाते. तिच्या डोक्यात उवा झाल्यात. ती काय सांगते माहितीये? ऊन. उवांना चौकटच नाही."

ती हसली तेव्हा कलमवाल्याला दोन दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

बायकोचं मत स्पष्ट होतं. ती विहिरीवरून दोन हंडे घेऊन आली, पोती भिजवली, ती रोपांच्या वर तारेवर टाकली, आणि ओले हात फडक्याला पुसत म्हणाली, "अहो, लिहून टाका ऊन. देवाला काय कळत नाही का आपलं?"

"देवाला कळतं. पोरीला चालत नाही."

"तिला काय चालतं मग? विचारलंत?"

"ती म्हणते कळत नाही."

"चौदा वर्षांच्या पोरीला काय कळायचं. मला बारावीत बसायचं होतं तेव्हा मला तरी कुठं कळलं होतं. वडिलांनी घरी ठेवलं, राहिले." तिनं हंडा उपडा केला. त्यातून शेवटचं पाणी गढूळ आलं. "तिचं वर्ष जाऊ देऊ नका एवढंच सांगते."

शुक्रवारी सकाळी बायकोचे मोठे मामा आले. प्रार्थनाघरात पुढच्या रांगेत बसणारे गृहस्थ. छत्री मिटवून त्यांनी ती रोपांच्या ओळीत रोवली आणि पोत्यावर न बसता उभ्याउभ्याच बोलायला लागले.

"जावईबापू, कानावर आलं. तुम्ही तिथं धर्म लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

"मामा, धर्म लिहिलं तर तो वर्गात काढावा लागेल."

"काढायचा नाही."

"मग परीक्षेचा अर्ज जाणार नाही."

"नाही गेला तर नाही गेला. एका घरानं उन्हाच्या मागं लपायला सुरुवात केली, की उद्या आपल्या प्रत्येक पोरीच्या डोक्यावर नुसतं ऊनच राहील." हे वाक्य त्यांनी वाटेत तयार केलं असावं, कारण म्हटल्यावर ते क्षणभर थांबले. "आणि पट्ट्या बांधायला पोरीला शाळा कशाला लागते?"

कलमवाल्याचा सुरा काडीवर वेडावाकडा गेला. हाच विचार त्याच्या मनात पहाटे येऊन गेला होता, याच शब्दांत. दोन दिवसांत अडीचशे झाली, लेक अशीच बसली तर महिन्याअखेर नऊशे सहज. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकायला इतका वाईट लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. बिघडलेली काडी त्यानं बाजूला टाकली.

"मामा, तुमची नात त्याच शाळेत जाते ना? ती काय सांगते फाटकावर?"

मामांनी छत्री उपसून काढली आणि तिच्या टोकाला लागलेली माती बघत राहिले. "ती लहान आहे अजून."

"दोघी एका वर्गात आहेत."

"तिची आई तापट आहे," मामा म्हणाले. "घरात कटकट नको म्हणून मी लक्ष घालत नाही." आणि जरा वेळानं, आवाज उतरवून, "तुमचं घर शांत आहे, तुम्हाला जमेल, म्हणून सांगायला आलो."

ते गेल्यावर कलमवाला आईजवळ जाऊन बसला. म्हातारी जाळीच्या कडेला मेलेल्या कलमांच्या टोप्या काढून धुऊन वाळत घालत होती, पुन्हा वापरायला.

"आई, तू फडका कशासाठी बांधतेस?"

"कशासाठी म्हणजे?"

"उन्हासाठी की देवासाठी?"

तिनं एक टोपी फुंकून फुगवली, भोक आहे का बघितलं. "सकाळी देवासाठी. दुपारी उन्हासाठी." मग आठवून म्हणाली, "केस विरळ झाले तेव्हापासून त्यासाठीही."

"एक काहीतरी सांग ना. लिहायचंय."

"तू पायजमा कशासाठी घालतोस ते एक सांग. मग मी सांगते."

त्यानं खरंच विचार केला. लाज, थंडी, काटे, डास, लोक काय म्हणतील. पाच निघाली. तो तसाच उठून आला.

दुपारी वारा पडला. जाळीखाली हवा ओल्या पोत्यांच्या वासानं जड झाली होती आणि पट्टी घामानं बोटांवरून निसटत होती. लेकीनं फडका सोडला, बादलीत बुचकळला, पिळला आणि पुन्हा बांधला. गाठ मारायला तिला डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाच वेळ लागला. आत्ता तो कशाचा झाला, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचाच राग आला. तीन दिवस तो आईला, बायकोला, मामांना, बाईंना विचारत फिरत होता. जिच्या डोक्यावर तो होता तिला त्यानं फक्त काय म्हणायचं ते विचारलं होतं.

"तू का बांधतेस गं?" तो म्हणाला. "फॉर्मसाठी नाही विचारत. असंच."

एक कलम बांधून झालं, टोपी चढली, दोरा आवळला.

"आधी सगळ्या बांधतात म्हणून बांधला," ती म्हणाली. "मग सवय झाली. प्रार्थनेला बांधलेला असला की बरं वाटतं. काही काही दिवशी नाही बांधावासा वाटत. शाळेत खेळाच्या तासाला तर अजिबात नाही."

"मग नाही बांधायचा त्या दिवशी. मी काही बोललो असतो का?"

"माहीत नाही. बोलला असता कदाचित."

त्यालाही नक्की माहीत नव्हतं. त्यानं पुढची काडी उचलली.

"पण बाबा, फाटकावर कोणी काढायला लावलेला मला कधीच नको असतो. एकही दिवस नाही. आणि तो ठेवायला खोटं बोलायचं, ते पण नको. हे दोन्ही मला नीट माहीत आहे. बाकीचं रोज वेगळं असतं."

"हे कुठं लिहायचं? चौकटी तीनच आहेत."

"मी काय सांगू. पालकांनी भरायचाय तो."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यानं दारात पाट उपडा ठेवून त्यावर फॉर्म पसरला. तो नेहमी लिहायचा ते रोपांच्या पाट्यांवर: जात, तारीख, आकडा. वाक्य लिहायची वेळ क्वचित यायची. तीन चौकटींकडे तो इतका वेळ बघत बसला, की बायको चुलीवरचं उतरवून येऊन मागं उभी राहिली. मग त्यानं चौकटी तशाच रिकाम्या ठेवून खालच्या दोन ओळींवर लिहायला घेतलं. अक्षर मोठं. दोन ओळी लगेच भरल्या. लिखाण कागदाच्या कडेनं खाली वळलं.

"अहो, रेघ सोडून चाललंय."

"मावत नाहीये."

"मग थोडक्यात लिहा ना. ऊन थोडक्यात मावतं."

तो कडेनं लिहीतच राहिला. लेक उंबऱ्यावर बसून अभ्यासाचं पुस्तक उघडून होती. पान तिनं बराच वेळ उलटलं नव्हतं.

शनिवारी काकांनी फाटकात तोंड उघडायच्या आत कलमवाला म्हणाला, "आधी मोठ्या बाईंकडे जाऊन येतो." काकांनी खुर्ची सरकवून वाट दिली.

बाईंच्या टेबलावर परीक्षेच्या अर्जांचा गठ्ठा दोरीनं बांधायला तयार ठेवला होता. एक अर्ज बाजूला होता. त्यांनी फॉर्म घेतला, चष्मा लावला. चौकटी बघितल्या आणि कागद उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं. मग कागद आडवा धरून, मान वाकडी करून वाचायला लागल्या.

"'काही दिवशी तिला बांधावासा वाटतो, काही दिवशी वाटत नाही. फाटकावर काढावा असं कोणत्याच दिवशी वाटत नाही. त्यासाठी खोटं सांगावं असंही वाटत नाही. बाकी मला माहीत नाही.'" त्यांनी वर पाहिलं. "बाकी मला म्हणजे कोणाला?"

"मला. बापाला."

"तुम्हाला माहीत नाही हे तुम्ही लिहून देताय?"

"खरं तेच आहे."

"अहो, मी हे वर कसं पाठवू? तिथं ऊनवाल्यांची एक यादी आहे, धर्मवाल्यांची एक. हिला कोणत्या यादीत घालू?" त्या कोणाला दम देत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. "धर्म लिहिलं असतंत तर मी अडवलं असतं. ऊन लिहिलं असतंत तर सोडलं असतं. आता मला अडवायला आधार नाही आणि सोडायलाही नाही."

कलमवाल्यानं पंचा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याला वाटलं आपण सगळ्यांचं काम वाढवून ठेवलं. एक खूण केली असती तर एव्हाना तो जाळीखाली बसलेला असता.

बाई लेकीकडे वळल्या. "काही दिवशी वाटत नाही म्हणतेस. आज?"

"आज नव्हता बांधावासा वाटत."

"मग बांधलास का?"

"आज न बांधता आले असते तर तुम्हाला वाटलं असतं, तुमच्यामुळं सोडला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर कवायतीची शिट्टी वाजली, पत्र्यावर कावळ्याची नखं खरखरली. त्यांनी बाजूला ठेवलेला अर्ज ओढला आणि त्यावर सही केली, शाईच्या गादीवर शिक्का दाबून तो सहीवर उमटवला. मग अर्ज गठ्ठ्यात घातला, मधेच कुठंतरी, वर नाही.

"उद्या वरून उलट आलं तर मी काही करू शकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. हा फॉर्म मी तसाच पाठवतेय, त्यांनी काय ते ठरवावं."

"बरं," कलमवाला म्हणाला. आभार मानायचे की नाहीत ते त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं नुसती मान हलवली.

"जा गं वर्गात. पहिला तास सुरू झालाय."

लेक गेली. व्हरांड्यात तिची पावलं आधी सावकाश आणि मग भराभर वाजली. कलमवालाही निघणार, तेवढ्यात बाईंनी हजेरीपुस्तक उघडलं. "थांबा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस गैरहजर. कारण लिहावं लागतं."

"फाटकाबाहेर उभी केली होती," तो म्हणाला. निदान हे त्याला नक्की माहीत होतं.

"एकच दिवस ना. नंतर ती घरी होती."

"फाटकामुळंच घरी होती."

"असं कारण नसतं हो."

त्यांनी पेन उचललं, थोडा वेळ हवेत धरलं, आणि तिन्ही रकान्यांत बारीक अक्षरात लिहिलं. पुस्तक त्याच्याकडे फिरवलेलं नव्हतं, पण पिशव्यांच्या पाट्या उलट्या बाजूनं वाचायची त्याला सवय होती. ऊन. ऊन. ऊन.

"बाई," तो म्हणाला, "तिन्ही दिवस ती जाळीखाली सावलीत होती."

"असेल," बाई म्हणाल्या आणि हजेरीपुस्तक मिटलं.